टायमिंग चेनची खडखड : किट बदलू की इंजिन हाफ करू?

पर्वरीकर

गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, २०११ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्याच पानावर ब्रँडची हाणामारी सुरू होईल. मीटरवर १ लाख ३८ हजार. मडगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड घेतली, त्याआधी तेल कधी बदललं, कुठलं घातलं याचा एकही कागद नाही.

सकाळी स्टार्ट केल्यावर पुढच्या बाजूने खडखड यायची आणि दोन-तीन सेकंदांत जायची. तोवर मी मनावर घेतलं नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र इंजिन गरम असतानाही आयडलवर खडखड ऐकू येते, थोडी रेस दिली की दबते. पिकअप उतरलाय. मांडवी पुलावरून पर्वरीचा चढ तिसऱ्यात आरामात चढणारी गाडी आता दुसरा गिअर मागते. चेक इंजिनचा पिवळा दिवा आधी लागायचा-जायचा, आता लागला तो जातच नाही.

म्हापशाच्या मेस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "चेन गेली, किट टाका, अठरा हजार." (चेन म्हणजे टायमिंग चेन, खालच्या क्रँकवरून वरचा कॅम फिरवणारी आणि व्हॉल्वची वेळ राखणारी इंजिनातली साखळी.) पणजीतल्या दुसऱ्याने तोच आवाज ऐकला आणि म्हणाला, "चेनबिन काही नाही, इंजिन आतून खलास, हाफ करावं लागेल, पासष्ट हजार." ('हाफ' म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलणं.) दोघांपैकी एकानेही पाना हातात घेतला नाही.

चवथीला पेडण्याला गावी जायचं आहे. इंजिन न उघडता आत नक्की काय गेलंय हे कळायचा काही मार्ग आहे का?

साखळीकर

साखळीचा विषय आणि पहिला प्रतिसाद साखळीकराचा नाही, असं होऊ देणार नाही. बाकी मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. बसून वाचतो.

माशेलची_माई

दोन मेस्त्री, दोन निदानं आणि स्टेथोस्कोप कुणाकडेच नाही. ताप आला म्हणून एकाने किडनी काढा सांगायचं, दुसऱ्याने हृदय.

माझ्या गाडीला अशीच खडखड होती. चेनच आहे म्हणून मला ठामपणे सांगितलं होतं. निघालं काय, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा गंजून बोल्टपाशी सुटलेला. आयडलला थरथरायचा, रेस दिली की गप्प. आपल्याकडे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, हे पत्रे टिकतच नाहीत. इंजिन थंड असताना लांब लाकडी काठीने तो पत्रा दाबून बघा, हलतो का. फुकटातलं काम आहे.

दोडामार्ग_एक्स्प्रेस

माईंना +१. त्यात भर घालतो. फॅन बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवा. खडखड गेली तर दोष इंजिनच्या बाहेर आहे: अल्टरनेटरचं बेअरिंग, आयडलर पुली, एसीची पुली, वॉटर पंप. माझी रोज बांदा-पणजी फेरी असते, पावसाळ्यानंतर पुलीची बेअरिंग ओरडायला लागतात हे ठरलेलं.

मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. बॅटरीचा लाल दिवा लागेल, त्याला घाबरू नका.

अंत्रुजी_मेस्त

फोंड्याला गॅरेज आहे म्हणून थोडं लिहितो. गॅरेजचं नाव विचारू नका, इथले संपादक जाहिरात म्हणून उडवतात.

आवाज कुठून येतो याआधी कधी येतो ते पाहायचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत, म्हणजे टेन्शनरमधलं (चेन ताणून धरणाऱ्या भागातलं) तेल रात्रीत उतरलं. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. आत बॉल वॉल्व असतो, तो नीट बसत नसेल तर तेल धरून राहत नाही. कधी दोष टेन्शनरचाही नसतो. ऑइल फिल्टरमध्ये तेल मागे जाऊ न देणारी रबराची चकती असते, लोकल फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते. नुसता फिल्टर बदलून सकाळची खडखड बंद झालेल्या गाड्या माझ्याकडे येऊन गेल्यात.

पर्वरीकर, तुमची खडखड गरम इंजिनलाही आहे, ही वेगळी गोष्ट. बाहेरचं काही नसेल तर चेन सैल आहे किंवा गाइडचं (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीचं) प्लास्टिक तुटलंय.

आता 'हाफ' सांगणाऱ्याचं. इंजिन आतून गेलं की आवाज बदलतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खालून जड टकटक करतं, लोड दिला की वाढतं. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनला पोकळ ठोका येतो, गरम झाल्यावर कमी होतो. व्हॉल्व उघडणारे टॅपेट वरून बारीक टिकटिक करतात, इंजिनच्या निम्म्या वेगाने. चेनचा आवाज पुढच्या कव्हरमागून येतो, पत्र्यावर साखळी ओढल्यागत. एकेका सिलिंडरचा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा) काढून बघा. रॉडचं बेअरिंग असेल तर त्या सिलिंडरला ठोका लगेच दबतो, चेनला काही फरक पडत नाही. दोन मिनिटांचं काम, तेवढंही कुणी केलं नाही याचं वाईट वाटतं.

वास्कोचा_दर्यावर्दी

मेस्त, एक सुधारणा सुचवतो. कॉइल काढू नका, इंजेक्टरचा कनेक्टर काढा. कॉइल काढला तर पेट्रोल येत राहतं, न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. कनेक्टर काढला की पेट्रोलच बंद.

अंत्रुजी_मेस्त

बरोबर. आम्ही जुन्या सवयीने प्लगची वायर काढणारे. कनेक्टर काढा.

जुना_पणजीकर

आमच्या पद्मिनीलाही चेन होती, इंजिनच्या पुढच्या बाजूला आत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर, मूठ कानावर, तेवढ्यात सगळं कळायचं. वडील तर नुसते बॉनेटवर हात ठेवून सांगायचे. त्या काळी स्कॅनर नव्हते आणि मेस्त्रीही एवढे अंदाजपंचे नव्हते.

अवांतर: पद्मिनीला धक्का मारायला आल्तिनोवरची अर्धी आळी खाली उतरायची. आता गाडी बंद पडली तर लोक आधी व्हिडिओ काढतात.

कॅल्क्युलेटर

कटू बोलतो. चौदा वर्षांची गाडी आहे. पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होतील, आरसी नूतनीकरण आलं. १ एप्रिल २०२२पासून खासगी चारचाकीसाठी त्याची फी ६००वरून ५,००० झाली आहे, वर फिटनेस तपासणी. त्यात पासष्ट हजार इंजिनात. विका, मोकळे व्हा.

माशेलची_माई

आणि विकत कोण घेणार? खडखडणारी गाडी दाखवली की दलाल भंगाराचा भाव सांगतो. आधी काय झालंय ते कळू दे, मग विकायची का ठेवायची ते बघू.

वास्कोचा_दर्यावर्दी

जहाजावर मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या कॅमशाफ्टलाही चेन असते. एक कडी उचलायला दोन हात लागतात. तिथे आम्ही ठरावीक कड्यांची लांबी मोजून वहीत लिहितो आणि दर वेळी मागच्या आकड्याशी ताडून पाहतो. गाडीच्या चेनचं तत्त्व तेच, फक्त मोजायचं कुणाला सुचत नाही.

चेन लांब होते ती लोखंड ताणल्यामुळे नव्हे. प्रत्येक जोडात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. समजा चेनला १३० कड्या, एकेक कडी ८ मिमीची, म्हणजे एकूण १,०४० मिमी. प्रत्येक जोडात ०.०३ मिमी झीज झाली तर पूर्ण चेन ३.९ मिमी लांबते. हे सगळं टेन्शनर आपला दांडा पुढे सरकवून खातो, त्याचा प्रवास संपेपर्यंत. त्यानंतर चेन गाइडवर आपटायला लागते.

आता गंमत बघा. व्हॉल्वची वेळ मागे जाते ती फक्त ताणाच्या बाजूच्या कड्यांमुळे. क्रँक ते कॅम समजा ४० कड्या, तर १.२ मिमी. क्रँकच्या गिअरला १८ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. ८ मिमीला २० अंश, तर १.२ मिमीला तीन अंश. म्हणजे नुसत्या झिजेने इंजिन थोडं सुस्तावतं, पण चढावर दुसरा गिअर मागावा इतकं नाही. पिकअप एवढा पडला असेल तर चेन एक दात सरकली असण्याची शंका घ्यायला हवी. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या इंजिनचे दात वेगळे असू शकतात.

पर्वरीकर, पावसात कधी धक्का मारून स्टार्ट केली होती का?

पर्वरीकर

माईंनी सांगितलेला पत्रा घट्ट आहे. फॅन बेल्ट काढून पाहिला, खडखड तशीच. इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढले, इंजिन मिसिंग मारतं पण आवाज दबत नाही.

दर्यावर्दी, तुम्हाला कसं कळलं? जूनमध्ये बॅटरी बसली तेव्हा सोसायटीतल्या पोरांनी उतारावर ढकलून दिली होती. दिवा त्यानंतरच लागायला लागला हे आता लक्षात येतंय.

अंत्रुजी_मेस्त

धक्का स्टार्टमध्ये टेन्शनरला तेलाचा दाब नसतो आणि क्लच सोडला की इंजिन झटक्याने फिरतं. सैल चेन दात सोडते ती अशाच वेळी. तसंच उतारावर नुसत्या गिअरवर गाडी उभी केली आणि मागे सरकली तर इंजिन उलटं फिरतं, ढिली बाजू ताणाच्या बाजूला येते. आल्तिनोच्या उतारावर पार्क करणाऱ्यांनी हँडब्रेक ओढा, मग गिअर.

पर्वरीकर, स्कॅनर लावा. दिवा कुठल्या कोडचा आहे ते कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि तोवर गाडी घरीच असू दे.

बेळगावी_कुंदा

माझा एक उपप्रश्न. माझ्या गाडीचा पिकअपही जरा सुस्त वाटतो. इथली चर्चा वाचून शंका आली, म्हणून इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा) लावला. काटा स्थिर, पण आयडलला १६ इंचांवरच. पुस्तकात १७ ते २१ लिहिलंय. माझीही चेन गेली का?

वास्कोचा_दर्यावर्दी

तुमची गाडी ठीक आहे, गाव उंच आहे. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करायचा. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास, म्हणजे तुमचे १६ म्हणजे आमचे साडेअठरा. चोर्ला उतरून खाली या, गाडी तीच आणि काटा वर.

पण गेजची आठवण बरी काढलीत. पर्वरीकर तर समुद्रसपाटीलाच आहेत, त्यांना वजाबाकी लागणार नाही. काटा स्थिर पण खाली, चौदा-पंधरावर, म्हणजे व्हॉल्वची वेळ मागे गेलेली असू शकते. काटा ठरावीक ठेक्याने खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व गळतोय.

बेळगावी_कुंदा

देव तुमचं भलं करो. खाली येताना कुंदा आणतो.

साखळीकर

दोन किलो आणा. चेनचं कळत नसलं तरी कुंद्याचं कळतं.

ताळगावचा_तिरका

हे सगळं ई-२०चं पाप आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि सगळ्यांच्या गाड्या खडखडायला लागल्या. कुणी बोलत नाही, एवढंच.

दोडामार्ग_एक्स्प्रेस

तिरकेशेठ, चेन पेट्रोलमध्ये नसते हो, तेलात असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, सील, मायलेज यांच्याबद्दल बोला, ऐकतो. चेनची पिन इथेनॉलने झिजत नाही.

ताळगावचा_तिरका

पेट्रोल तेलात उतरतं त्याचं काय? डिपस्टिकला वास येतो.

वास्कोचा_दर्यावर्दी

हा मुद्दा मात्र खरा, फक्त आरोपी वेगळा. थंड इंजिनला मिश्रण जास्त पेट्रोलचं दिलं जातं, त्यातलं काही पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात जातं. गाडी लांब चालली, तेल पूर्ण तापलं, की ते आणि पाण्याची वाफ उडून जाते. पर्वरी-पणजी चार-पाच किलोमीटर आणि त्यातही सिग्नल, तेवढ्यात पाणी तापतं, तेल तापत नाही. पातळ झालेल्या, काजळी धरलेल्या तेलातच चेनची पिन झिजते. म्हणून अशा वापराला किलोमीटर न बघता महिन्यांवर तेल बदलायचं. दहा हजारांचा आकडा हायवेवाल्यांसाठी.

संपादक

ई-२०साठी वेगळा धागा चालू आहे. तिथे भांडा. इथे इंजिन.

घाटावरचा_बाबू

एवढं कशाला? २०डब्ल्यू-५० घाला. जाड तेल, आवाज बंद. गोव्याच्या उकाड्यात पातळ तेल टिकतच नाही. आमच्या जुन्या टेम्पोला तेच घालतो, वर्षानुवर्षं.

अंत्रुजी_मेस्त

बाबू, टेम्पोच्या इंजिनात ते चालतं, त्यातल्या फटी मोठ्या. या इंजिनांत तेलाच्या वाटा बारीक, टेन्शनरचं भोक त्याहून बारीक. जाड तेल तिथे उशिरा पोचतं, म्हणजे सकाळी चेन आणखी काही क्षण कोरडी. गोव्यात थंडी पडत नाही हे खरं, ०डब्ल्यूचा अट्टहास मीही करत नाही. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० म्हणत असेल तर ५डब्ल्यू-३० घालावं. गाडी विकायच्या आदल्या दिवशी जाड तेल घालणारे मात्र पुष्कळ आहेत, सेकंडहँड घेणाऱ्यांनी डिपस्टिक बोटावर घासून बघत जा.

कॅल्क्युलेटर

माझ्या गाडीला चेन आहे की बेल्ट हे कसं कळतं? भीती वाटायला लागली.

दोडामार्ग_एक्स्प्रेस

विका, मोकळे व्हा.

(गंमत. जुन्या मारुती ८००ला बेल्ट, पहिल्या सँट्रोला बेल्ट. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोलला चेन. स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा यांतल्या १.३ डिझेललाही चेन. इंजिनच्या पुढे प्लास्टिकचं हलकं कव्हर असेल तर बहुधा बेल्ट, धातूचं तेलबंद कव्हर असेल तर चेन. बेल्टला मुदत असते, ती चुकवू नका. चेनला मुदत लिहिलेली नसते आणि म्हणून लोक तिला अमर समजतात.)

पर्वरीकर

अपडेट. ऑफिसातल्या एकाकडे ईएलएम ३२७चं कोड वाचायचं ब्लूटूथ यंत्र होतं. कोड आला पी ००१६. पुसला, स्टार्ट केली, परत आला. व्हॅक्यूम गेज एका रेडिएटरवाल्याकडे मिळाला : काटा स्थिर, १४.५. म्हणजे चेन नक्की झाली का?

अंत्रुजी_मेस्त

पी ००१६ म्हणजे क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांचा मेळ बसत नाही. बहुतेक वेळा चेन. पण सेन्सर खराब, त्याची वायर उंदराने कुरतडलेली (पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर बसतात, हसू नका), तेल अगदी कमी, किंवा व्हीव्हीटी (व्हॉल्वची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याचा तेलाचा वॉल्व अडकलेला, यांतूनही तोच कोड येतो. एकट्या कोडवर मी कव्हर उघडत नाही. कोड, स्थिर पण खाली असलेला काटा, गरम खडखड, धक्का मारल्यापासूनचा दिवा, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय, म्हणून म्हणतो चेन. गाडी टो करून न्या, चालवू नका. या इंजिनांत वेळ आणखी चुकली तर पिस्टन व्हॉल्वला भिडतो. मग तुमचा पणजीचा मेस्त्री खरा ठरेल, हेडसकट (हेड म्हणजे व्हॉल्व असलेला इंजिनचा वरचा भाग).

आणि कव्हर उघडण्याआधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घ्यायला सांगा. चेन किट टाकल्यावर इंजिन दमदार नाही म्हणून भांडण नको. सगळे प्लग काढायचे, पेट्रोलचा फ्यूज काढायचा, बॅटरी फुल, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत. तेल टाकल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

जुना_पणजीकर

तेल किती जळतं ते पण सांगा हो. आणि धूर कधी येतो? रात्रभर उभी राहून स्टार्ट केल्यावर निळा भपका एकदाच आला तर व्हॉल्वचे सील. रेस देताना मागे निळा पडदा राहिला तर रिंगा. एवढं आम्हालाही कळायचं.

पर्वरीकर

काका, भपका कधीमधी सकाळी, रेस देताना नाही. तेल महिन्याकाठी थोडं वरून घालावं लागतं.

फोंड्याच्या वाटेवरच्या एका गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन घेऊन दिलं. गेजवर पीएसआय : १४८, १५०, १३६, १४७. तेल टाकून : १५४, १५५, १३९, १५३.

वास्कोचा_दर्यावर्दी

आता चित्र स्पष्ट. चारही सिलिंडर सारखेच खाली. रिंगा गेल्या तर चारही एकाच मापाने क्वचित जातात, आणि तेल टाकल्यावर आकडा उसळी मारतो, इथे तीन ते सहानेच हलला. इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो तेव्हा आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि चारही आकडे एकसारखे पडतात. हे चेनच.

तिसरा वेगळा आहे. १५० आणि १३६, नऊ टक्क्यांचा फरक. त्याला लीकडाउन करा. पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. तेलाच्या झाकणातून सूं ऐकू आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

पर्वरीकर

सायलेन्सरमधून बारीक सूं.

अंत्रुजी_मेस्त

मग तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित गळतोय. वयाला धरून आहे. चेन टाकताना तेलाचा दाबही गेजवर बघा. डॅशबोर्डचा लाल दिवा अगदी शेवटी लागतो, दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर. तो विझलेला आहे म्हणून बेअरिंग चांगली असं नाही. गरम तेलाला, आयडलवर एक बारच्या वर असेल तर मी इंजिन खालून उघडायला सांगत नाही.

किट म्हणजे चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि गिअर. नुसती चेन टाकून जुने गिअर ठेवणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. डब्यावर कंपनीचं होलोग्राम बघा, बाजारात डुप्लिकेट भरपूर. बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कुठे अडलं तर थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर गिअरच्या खुणा परत जुळतात. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र जुळत नाहीत, त्या बघून मेस्त्री घाबरला तर त्याने हे काम आधी केलेलं नाही.

माशेलची_माई

मेस्त, हा शेवटचा परिच्छेद मी कापून पर्समध्ये ठेवणार आहे. गॅरेजात बाईमाणूस दिसलं की प्रत्येक जण इंजिनिअर होतो. रंगीत कडीचा प्रश्न विचारून बघते.

पर्वरीकर

झालं काम. फोटो टाकायचे होते पण साईट घेत नाही.

कव्हर उघडल्यावर इनटेक कॅमची खूण एक दात मागे. एका गाइडचं प्लास्टिक कडेने फुटलेलं, टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर. फुटलेलं प्लास्टिक गेलं कुठे म्हणून मेस्त्रीने चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवला, तर तुकडे तेलाच्या जाळीत. नुसतं कव्हर लावून दिलं असतं तर तेलाची वाट बुजली असती, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. चेंबर उघडाच आहे म्हणून त्याने तिसऱ्या सिलिंडरची एक बेअरिंग कॅप काढून दाखवली. शेल स्वच्छ, ओरखडा नाही. म्हणजे 'हाफ'ची गरज नव्हती. गरम आयडलवर दाब १.४ बार.

खर्च चोवीस हजारांच्या आसपास. किट, क्रँकचं पुढचं सील, कव्हरचं पॅकिंग, तेल, फिल्टर, आणि वॉटर पंपातून पाणी झिरपत होतं म्हणून तोही. खडखड नाही, दिवा नाही. कॉम्प्रेशन १७६, १७८, १६०, १७५. काटा १९वर.

अंत्रुजी_मेस्त

मस्त. तरी मी असतो तर हात लागलाच होता म्हणून हेड उतरवून तिसऱ्याचा व्हॉल्व बसवून, सगळे सील टाकून दिले असते. महिन्याचं तेलही वाचलं असतं.

वास्कोचा_दर्यावर्दी

असहमत. हेड उतरवलं की गॅस्केट, बोल्ट, लेथवर फेसिंग, बारा-पंधरा हजार वर. १६० पीएसआयला गाडी छान पळते. व्हॉल्व वाढत्या वेगाने गळायला लागला तर सहा महिन्यांनी कॉम्प्रेशन परत घेऊन कळेल. आता आकडे वहीत आहेत, तुलना करता येईल.

अंत्रुजी_मेस्त

जळका व्हॉल्व स्वतःहून बरा होत नाही, दर्यावर्दी. एक दिवस मिसिंग मारेल तेव्हा याच धाग्यावर भेटू.

कॅल्क्युलेटर

चोवीस हजार अधिक पाच हजार आरसी. ठीक आहे, या वेळी विका म्हणत नाही.

ताळगावचा_तिरका

पेट्रोल कुठलं घालताय आता?

संपादक

तिरकेशेठ.

दोडामार्ग_एक्स्प्रेस

पर्वरीकर, फोंड्याच्या वाटेवरचं ते गॅरेज कुठलं? माझ्या मेव्हण्याच्या १.३ डिझेलला सकाळची खडखड सुरू झालीय. त्याला डिझेलची चेन जमते का?

पर्वरीकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. डिझेलचं त्याला विचारलं होतं, करतो म्हणाला, पण कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना त्याच्याकडे आहेत का ते आधी फोन करून विचारा. आणि चवथीच्या आधी जाऊ नका, अंगणात गाड्यांची रांग लागलीय.